२६ नंतर २१ : जीवशास्त्र प्रात्यक्षिकाचे पेपर तपासताना

पर्णरंध्र

उच्च माध्यमिकच्या जीवशास्त्र प्रात्यक्षिकाचे पेपर मी बरीच वर्षं तपासते आहे. तोंडी परीक्षा किंवा जर्नल म्हणत नाही मी. विद्यार्थी प्रयोगशाळेत उभं राहून प्रयोग करतो, तिथल्या तिथे उत्तरपत्रिकेत तक्ता आखतो, आलेख काढतो, सूक्ष्मदर्शीखाली दिसेल ती आकृती काढतो, आणि तो कागद पुढे माझ्याकडे येतो. केंब्रिजच्या ए लेव्हलला (बारावीच्या तोडीची परीक्षा) तिसरा पेपर असतो तो याच जातीचा, दोन तास आणि ४० गुण. मुलांचे हात मला कधीच दिसत नाहीत. हातांनी जे केलं त्याची कागदावर उरलेली खूण तेवढी दिसते.

यंदा दोन उत्तरपत्रिका एकाच गठ्ठ्यात एकामागोमाग आल्या. (ओळख पटू नये म्हणून प्रयोग आणि आकडे बदललेत, मुद्दा तोच ठेवलाय.) हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाच संहती तयार करायच्या, प्रत्येकीत सारखंच यीस्टचं मिश्रण घालायचं आणि ठरलेल्या वेळाने फेसाची उंची मोजायची. यीस्टमधलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचं विघटन करतं, ऑक्सिजन सुटतो, फेस चढतो. मूळ द्रावण ६ टक्क्यांचं. त्यात पाणी घालून १.२, २.४, ३.६, ४.८ आणि मूळचं ६.०.

पहिल्या मुलीचे आकडे, मिलिमीटरमध्ये: ९, १७, २६, २१, १८.
दुसऱ्या मुलाचे: ९, १८, २७, ३६, ४५.

त्याचा आलेख म्हणजे पट्टीने मारलेली रेघ. तिचा आलेख मधूनच खाली वळलेला. तिने शेवटचे दोन बिंदू गोल करून वेगळे दाखवले होते आणि प्रयोगातल्या चुकीचं कारण विचारलं होतं तिथे लिहिलं होतं की यीस्ट भांड्याच्या तळाशी बसत होतं, तिसऱ्या नळीनंतर मी ते ढवळलं नाही, म्हणून शेवटच्या दोन नळ्यांत यीस्ट कमी गेलं असावं.

मार्किंग स्कीममध्ये एक गुण 'संहती वाढते तशी फेसाची उंची वाढते' असा कल मिळाल्याबद्दल होता. त्याला मिळाला. तिचा गेला. स्कीमप्रमाणे मी बरोबर तपासलं, माझं तपासणं पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरनेही तेच केलं असतं. तरी ती उत्तरपत्रिका मी पुन्हा उघडून पाहिली. तिने चौथ्या नळीशी पट्टी लावली, पुस्तकातलं उत्तर तिला नक्की माहीत होतं, ३५ लिहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि तिने २१ लिहिलं. शास्त्र शिकवताना मुलांकडून आपल्याला जे हवं असतं ते हेच ना? मग त्याला आपल्या गुणपद्धतीत जागा कुठे आहे? ज्यांनी असे पेपर तपासलेत, प्रयोग लावलेत किंवा स्वतः दिलेत, त्यांनी लिहावं.

उभयचर

पर्णरंध्रताई, तुमची तळमळ कळते, पण तो गुण गेला ते योग्य झालं असंच मी म्हणेन.

तळाशी बसणारं मिश्रण पिपेटमध्ये घेण्याआधी दर वेळी हलवायचं, हे प्रात्यक्षिक कौशल्यच आहे. तो गुण प्रामाणिकपणासाठी नव्हता. हाताने काम नीट केलं की नाही, एवढंच तो विचारत होता. तिचा हात तिथे चुकला. उद्या ती खऱ्या प्रयोगशाळेत रक्तपेशींचं मिश्रण न हलवता मोजायला घेईल तर तिचा आकडा प्रामाणिक असेल आणि तरीही चुकीचा असेल.

एका गुणाने एकच काम करावं असं मी मानतो. कलाचा गुण तिला नाही, ठीक. पण विसंगत बिंदू ओळखल्याचा गुण तिचा. चुकीचं नेमकं कारण दिल्याचा गुण तिचा. सुधारणा काय कराल या प्रश्नाला तिने 'दर वेळी ढवळून घेईन' लिहिलं असेल तर तोही. तुम्ही त्या मुलाचं कारण काय होतं ते लिहिलं नाहीत. मला त्यात जास्त रस आहे.

पर्णरंध्र

उभयचर, त्याने 'मानवी चूक' लिहिलं होतं. दोन शब्द. त्याचा गुण गेला.

तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. ढवळणं कौशल्य आहे, मान्य. माझी अडचण त्या एका गुणाहून थोडी पुढची आहे. आकडे बदलून लिहिणाऱ्याचं आपल्या पद्धतीत काही जात नाही, उलट एक गुण वाढतो. शिक्षक वर्गात सांगतात की 'जे आलं तेच लिहा', आणि मुलांना कळत असतं की गुण 'जे यायला हवं' त्याला आहेत.

आकडेमोड

मी जीवशास्त्राचा नाही, सांख्यिकी शिकवतो. पण त्या दुसऱ्या आकड्यांवर नजर अडकली.

९, १८, २७, ३६, ४५. बरोब्बर नवाचा पाढा. फेसाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, एका बाजूला चढलेला, एका बाजूला बसलेला. तिथे मिलिमीटरची पट्टी लावून पाच वेळा नवाच्या पटीत आकडा येणं अवघड आहे. दुसरं असं की, मला जेवढं जीवशास्त्र कळतं त्यावरून, विकराचं प्रमाण तेवढंच ठेवून पेरॉक्साइड वाढवत नेलं तर एका टप्प्यावर विकराची सगळी क्रियास्थळं, म्हणजे पेरॉक्साइड जिथे जुळतं त्या जागा, गुंतलेली असणार आणि वाढीचा वेग मंदावणार. म्हणजे वरच्या टोकाला रेघ थोडी वाकायला हवी. त्याची वाकतच नाही.

हा पुरावा मात्र नव्हे. एकट्या उत्तरपत्रिकेवरून मी कुणावर आरोप करणार नाही. याची एक जुनी आठवण विषयातलीच आहे. मेंडेलने वाटाण्यावरचं काम १८६६ साली छापलं. गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. गुणोत्तर २.९६ ला १, अपेक्षा ३ ला १ ची. हा एकटा आकडा कुणाला खटकणार नाही. पण १९३६ साली सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशरने मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र घेऊन हिशोब केला, तेव्हा त्याला आढळलं की सगळे मिळून अपेक्षेच्या फारच जवळ आहेत. नशिबाने जेवढं विचलन यायला हवं तेवढंही नाही. त्यावर वाद पुढे खूप झाला आणि फिशरच्या हिशोबावरही आक्षेप घेतले गेले. पण फिशरने एक शक्यता मांडली होती ती मला कायम लक्षात राहिली: काय उत्तर अपेक्षित आहे हे ठाऊक असलेल्या एखाद्या सहायकाने मेंडेलची फसगत केली असावी.

परीक्षेच्या खोलीत असा सहायक प्रत्येक मुलाच्या डोक्यात बसलेला असतो. जो जितका जास्त अभ्यास करून येतो, त्याच्या डोक्यातला सहायक तितका हुशार.

काचपट्टी

मी प्रयोगशाळा सहायक. बावीस वर्षं झाली. वर सहायकाचा विषय निघाला म्हणून लिहायचं धाडस करतो.

परीक्षेच्या आदल्या दिवसापासून आमचं काय चालतं ते परीक्षकांना दिसत नाही, म्हणून सांगतो. पेरॉक्साइड उजेडात आणि उबेत आपोआप विघटन पावतं. गडद बाटलीत, थंड जागी ठेवावं लागतं. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरली तर लेबलवर ६ टक्के आणि आत त्याहून कमी, असं होतं. यीस्ट ताजं भिजवावं लागतं, आधी फार वेळ भिजलं की ते स्वतःच फुगायला लागतं आणि फेस कशाचा ते कळेनासं होतं. बटाट्याचा प्रयोग असेल तर सगळ्या मुलांना एकाच जातीचा, एकाच दिवशी आणलेला बटाटा.

मुलं परीक्षा देत असतात तेव्हा शेजारच्या खोलीत तोच प्रयोग, त्याच द्रावणांनी, शिक्षक किंवा मी स्वतः करतो. ते आकडे अहवालात भरून उत्तरपत्रिकांबरोबर जातात. ताई, तुम्ही ते आकडे बघता का? या दोन मुलांच्या वर्गाचा अहवाल काय सांगत होता?

आणि एक. यीस्ट बसतं हे आम्हाला माहीत असतं. दर टेबलाला वेगळं भांडं आणि त्यात काचेची कांडी ठेवली की मुलांना आठवण राहते. कांडी समोर नसेल तर घाईत मूल विसरतंच. तो दोष सगळाच मुलीचा धरू नये असं मला वाटतं.

पर्णरंध्र

काचपट्टीदादा, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. अहवाल मी सगळ्यात आधी उघडते. तो नसला तर अर्धं तपासणं आंधळं होतं.

या वर्गाचा अहवाल असा होता: ११, १९, २८, ३३, ३६. म्हणजे वरच्या टोकाला वाढ मंदावलेली, आकडेमोड म्हणतात तशी. शिक्षकांनी दर वेळी ढवळलं होतं हे उघड आहे. तेव्हा उभयचर म्हणतात ते धरून, कल मिळायला हवा होता. पण अहवालातही २८ नंतर २३ असते तर तिचा गुण मी नक्की दिला असता, कारण मग त्या खोलीत त्या दिवशी तेच घडत होतं. पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा त्या दिवशीच्या द्रावणाने काय केलं, हे मोठं. हा नियम आमच्या परीक्षक बैठकीत दर वर्षी पुन्हा सांगितला जातो आणि तरी नवे परीक्षक पहिल्या गठ्ठ्यात पुस्तकाशी ताडून बघतातच. मीही सुरुवातीला तेच केलं होतं.

एकट्या मुलावर संशयाने गुण कापायचे नाहीत, हेही पक्कं. कागदावर जे आहे त्यालाच गुण. एकाच केंद्रातल्या सगळ्या उत्तरपत्रिकांत तेच ते आकडे दिसले तर मात्र वर कळवायचं. ते काम वेगळ्या लोकांचं आहे.

काचपट्टी

बघता म्हणालात, समाधान झालं. एकदा आमच्याकडे बेनेडिक्टच्या प्रयोगाला (गरम पाण्यात नळी ठेवून रंगावरून शर्करा ओळखायची) पाण्याची उष्णता टिकेना. क्षपणक शर्करा कमी असलेल्या नळ्यांत रंग दिलेल्या वेळात बदललाच नाही. मुलं घाबरली. मी अहवालात पाण्याचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहून पाठवलं. त्याचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नसतो.

पर्णरंध्र

कळायला मार्ग नसतो हे खरं, पण असा अहवाल हातात आला की मी काय करते ते सांगते. ज्याने 'रंग बदलला नाही' किंवा 'दिलेल्या वेळेपेक्षा जास्त' असं लिहिलं त्याला पूर्ण गुण. ज्याने कोरा सोडला त्याला नाही. आणि ज्याने थंड पाण्यात भराभर विटकरी रंग आल्याचं लिहिलं, त्याच्या रकान्यापाशी मी थांबते. तुमच्या तापमानांनी नक्कीच मुलांचे गुण वाचवले असतील.

तळटीप

इथे एक वेगळा रस्ताही लक्षात घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ए लेव्हलच्या नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाची परीक्षा अशी वेगळी उरली नाही. दोन वर्षांत किमान १२ प्रयोग करायचे, शिक्षकाने प्रत्यक्ष बघून ठरवायचं की मुलाला ते जमतं की नाही, आणि त्याचा निकाल 'उत्तीर्ण' म्हणून श्रेणीच्या शेजारी स्वतंत्र लिहायचा. श्रेणीत तो मिळवत नाहीत. जीवशास्त्राच्या लेखी पेपरांत किमान १५ टक्के गुण प्रात्यक्षिकाशी जोडलेल्या प्रश्नांना असतात.

पर्णरंध्र यांची खंत 'हात दिसत नाहीत' ही आहे. तिथे हात दिसतात. ढवळायला विसरलेल्या मुलीला शिक्षक त्याच क्षणी बघतात, दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात.

उभयचर

तळटीप, दिसतात, पण बघणारा तिचाच शिक्षक असतो. तो तिला नापास करायला धजत नाही, आणि श्रेणीत धरायचंच नाही म्हटल्यावर शाळा प्रयोगाला किती वेळ देणार हा प्रश्न उरतो. त्रयस्थ परीक्षकाच्या हातात कागद गेला की निदान सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते. मी दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत. दोन तासांचा ताण मुलांना नको असतो, कबूल. तरी त्या दोन तासांसाठी म्हणून वर्षभर प्रयोगशाळेची कुलपं उघडी राहतात.

हरितलवक

मी यंदा पहिल्यांदाच परीक्षक म्हणून काम करणार आहे, त्यामुळे धागा अधाशासारखा वाचते आहे. पर्णरंध्रताई, तक्ता आणि आलेख तपासताना तुम्ही काय बघता ते सविस्तर लिहाल का? आणि आकृत्यांचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. मुलाला चित्रकला येत नाही म्हणून गुण कापायचे का?

पर्णरंध्र

हरितलवक, लिहिते. लांबेल.

तक्त्यात आधी मथळे बघायचे. बदलणारी गोष्ट पहिल्या स्तंभात, मोजलेली तिच्या उजवीकडे. एकक मथळ्यातच, प्रत्येक आकड्यापुढे 'मिमी' लिहिलेलं चालत नाही. एका स्तंभातले सगळे आकडे सारख्याच दशांश स्थळांपर्यंत. हे ऐकायला कारकुनी वाटतं, मलाही वाटायचं. पण ९, १७.५, २६.२५ असा स्तंभ समोर आला की कळतं, या मुलाने पट्टी वाचलेली नाही, मिलिमीटरच्या पट्टीवर पाव मिलिमीटर दिसतच नाही. दशांश स्थळं ही त्याच्या डोळ्याची साक्ष असते. घड्याळाचं तसंच. स्टॉपवॉच ४३.२७ दाखवतं, पण बोट दाबायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि रंग नेमका कधी बदलला हे ठरवण्यात त्याहून जास्त. म्हणून ४३ लिहिणारा मुलगा यंत्रापेक्षा स्वतःला ओळखतो. त्याला गुण द्यायला मला फार आवडतं.

आलेखात दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक, कागदाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापेल असं प्रमाण, आणि प्रमाण असं की मधला बिंदू सहज वाचता येईल. तीन-तीनच्या किंवा सात-सातच्या पट्ट्या घेतल्या की मूल स्वतःच बिंदू चुकवतं. बिंदू लहान फुलीने किंवा वर्तुळातल्या टिंबाने, अर्ध्या बारीक चौकोनाच्या आत बरोबर. जाड टिंब असेल तर तो कुठे आहे हेच सांगता येत नाही. रेघ बारीक, एकच, आणि आकडे नाहीत तिथे ती ओढत न्यायची नाही. पहिल्या मुलीने रेघ तिसऱ्या बिंदूपर्यंत नेऊन पुढचे दोन बाजूला ठेवले होते. चालतं. पाचही बिंदू जोडले असते तरी चाललं असतं.

आता आकृती. चित्रकलेचे गुण नाहीतच, हे मनावर कोरून ठेवा. सुंदर छायांकन केलेल्या आकृतीचा गुण जातो, आणि साध्या एकसंध रेषेत काढलेल्या ओबडधोबड आकृतीला पूर्ण गुण मिळू शकतात. कमी वर्धनाखालच्या आराखड्यात एकही पेशी काढायची नाही, फक्त ऊतींच्या सीमा. जास्त वर्धनाखाली सांगितल्या तेवढ्याच पेशी, एकमेकींना लागून, पेशीभित्तिका दोन रेषांनी. नावाच्या रेघा पट्टीने, बाणाचं टोक नाही, आणि रेघ त्या भागाला टेकलेली.

पण खरी गोष्ट याहून वेगळी आहे. एका परीक्षेत कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद होता. कण्हेरीच्या पानाला वरची बाह्यत्वचा अनेक थरांची असते, आणि रंध्रं खालच्या बाजूला केसांनी भरलेल्या खळग्यांत लपलेली असतात. ज्याने सूक्ष्मदर्शीत पाहिलं त्याला ते खळगे दिसणारच, चुकवता येत नाहीत. माझ्या गठ्ठ्यात कितीतरी मुलांनी खालची बाजू सपाट काढली आणि तिच्यावर ओळीने रंध्रं मांडली, प्रत्येकाला दोन रक्षकपेशी, अगदी घोटून आलेल्या. पाठ्यपुस्तकातलं पान. समोर काचपट्टी असून त्यांनी नेत्रिकेत डोळा लावला तो मान्य उत्तर आहे की नाही हे बघायला. एकाने मात्र खळगा काढला, आत कसलेतरी धागे काढले आणि नावाच्या जागी 'केसांसारखं काहीतरी' लिहिलं. नाव बरोबर नाही म्हणून नावाचा गुण गेला. आकृतीचे सगळे गुण त्याचे.

तुम्ही विचारता ना काय बघायचं, तर हे. आकृती काढणाऱ्याने पाहिलं होतं का.

आकडेमोड

हा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे, दशांश स्थळांचा भाग तर नक्कीच.

एक शंका. पहिल्याच पायरीवर चूक झाली आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं असेल तर? सगळे गुण जातात?

पर्णरंध्र

नाही. आम्ही त्याला ईसीएफ म्हणतो, पुढे आलेली चूक. तिची शिक्षा एकदाच.

उदाहरण देते. नेत्रिकेतल्या मोजपट्टीचं एक घर म्हणजे किती, हे आधी काढावं लागतं. सूक्ष्मदर्शीच्या मंचावर ठेवलेल्या मोजणीच्या काचपट्टीवर एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. समजा नेत्रिकेची ४० घरं तिथल्या १० भागांवर बसली. १०० मायक्रोमीटर भागिले ४०, एक घर २.५ मायक्रोमीटर. वाहिनीची रुंदी २२ घरं आली तर ५५ मायक्रोमीटर. मुलाच्या आकृतीत तीच वाहिनी ६६ मिलिमीटर रुंद असेल तर ६६००० भागिले ५५, वर्धन १२०० पट.

आता एखाद्याने उलट भागलं आणि एका घराला ०.४ मायक्रोमीटर काढलं. पहिला गुण गेला. पुढे त्याने २२ गुणिले ०.४ करून ८.८ आणि त्यावरून ७५०० पट काढलं, तर ते पुढचे गुण त्याचे. अशा वेळी मला कॅल्क्युलेटर घेऊन त्याच्या वाटेने पुन्हा चालून बघावं लागतं. एका उत्तरपत्रिकेला त्यात पाच मिनिटं जास्त जातात आणि तपासणीचे पैसे उत्तरपत्रिकेमागे मिळतात, म्हणून काही जण हे टाळतात. टाळू नये. त्या मुलाचे दोन-तीन गुण त्या पाच मिनिटांत असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र ६६ भागिले ५५ बरोबर १.२. मिलिमीटरचे मायक्रोमीटर केलेच नाहीत. सूक्ष्मदर्शीतून पाहिलेली वस्तू जेमतेम सव्वा पट मोठी कशी असेल, हा प्रश्न उत्तर लिहिताना मुलाला पडत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

उभयचर

'मानवी चूक' या उत्तराबद्दल मला थोडं लिहायचं आहे. हे उत्तर इतक्या उत्तरपत्रिकांत येतं की नवीन परीक्षकाला वाटतं, मुलं आळशी आहेत. ती आळशी नसतात. त्यांना कुणीतरी वर्गात शिकवलेलं असतं की चुकीचं कारण विचारलं तर हे लिहायचं. त्याच वर्गात सुधारणेसाठी 'प्रयोग पुन्हा करीन' हेही शिकवलेलं असतं.

पुन्हा केल्याने काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक संहतीला तीन वेळा रीडिंग घेतलं तर विसंगत आकडा ओळखता येतो आणि सरासरी काढता येते. पण पट्टीच शून्याऐवजी दोन मिलिमीटरपासून सुरू होत असेल तर तीनशे वेळा मोजूनही आकडा दोन मिलिमीटरनेच चुकणार. न ढवळलेलं यीस्ट तीन वेळा न ढवळता घेतलं तर तीनही वेळा कमीच येणार. कोणत्या चुकीला कोणता उपाय, ही जोडी जमली की मला कळतं की मुलाने प्रयोग करताना विचार केला.

त्या मुलीने जमवली होती. कलाचा गुण गेला तरी, ताई, तिचा प्रश्न त्या मुलापेक्षा वरचढच निघाला असेल ना?

पर्णरंध्र

एका गुणाने. तिला जास्त.

हरितलवक

हे वाचून इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

अजून एक, रंगांबद्दल. बेनेडिक्टमध्ये निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असे टप्पे असतात. ज्याला लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्याने काय करायचं?

पर्णरंध्र

शाळेने आधी कळवायचं असतं, मग त्याला रंग सांगणारी व्यक्ती देता येते. बहुतेक वेळा मुलाला स्वतःलाच माहीत नसतं. वर्गात पहिल्या महिन्यात नुसत्या रंगीत नळ्या ओळीत लावायला सांगा, लगेच कळतं.

अजून_शिकतोय

नमस्कार. मी इथल्या सगळ्यांपेक्षा लहान आहे, माझी प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सगळा धागा दोनदा वाचला. मला एकच विचारायचंय. माझं चौथं रीडिंग त्या ताईसारखं कमी आलं, तर मी काय करू? सराव परीक्षेत मी ते खोडरबरने पुसून टाकलं होतं.

पर्णरंध्र

पुसू नकोस. एक आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वेळ आणि द्रावण शिल्लक असेल तर आधी शोध, कशाने कमी आलं असेल: ढवळलं नाहीस, पाणी जास्त पडलं, नळी चुकली. मग पुन्हा घे आणि नवा आकडा शेजारी लिही. दुसऱ्यांदाही कमीच आला तर दोन्ही ठेव, तो बिंदू आलेखावर गोल करून दाखव आणि जे घडलं ते तुझ्या शब्दांत लिही. 'तिसऱ्या नळीनंतर' असं लिहिणाऱ्याला मी तिथे उभं असलेलं बघू शकते. एवढंच मला कागदावरून हवं असतं.

काचपट्टी

बाळा, द्रावण संपलं किंवा सांडलं तर गप्प बसून अंदाजाने आकडा लिहू नकोस. हात वर कर. आम्ही जास्तीचं भरून ठेवलेलं असतं.

अजून_शिकतोय

हो काका. आणि तक्ता पेनने की पेन्सिलीने?

पर्णरंध्र

तक्ता पेनने. आलेख आणि आकृती पेन्सिलीने, नीट टोक केलेल्या. दोन पेन्सिली ने.